क्षुल्लकाची मालकी : सॉफ्टवेअर पेटंटच्या भाषेचे एक वाचन

पेटंट हा कायद्याचा दस्तऐवज असला तरी तो शब्दांनीच रचलेला असतो; तेव्हा साहित्याच्या वाचकानेही तो वाचायला हरकत नसावी. मालकीची हद्द ठरते ती त्यातल्या ‘दाव्यां’च्या वाक्यांनी. संगणकाच्या क्षेत्रात या वाक्यांनी रोजच्या वापरातल्या किरकोळ युक्त्यांनाही कुंपण घातले आहे.

अमेरिकेत १९८० साली मंजूर झालेले ४१९७५९० क्रमांकाचे पेटंट पाहा. पडद्यावरच्या चित्रावर सरकती खूण उमटवायची आणि ती हलली की खालचे चित्र जसेच्या तसे परत मिळवायचे, हा त्यातला एक भाग. त्यासाठी वापरलेली क्रिया म्हणजे ‘एक्स-ऑर’. जिन्यातल्या दिव्याला वर एक आणि खाली एक बटण असते. कोणतेही दाबले की दिव्याची स्थिती उलटते, पुन्हा दाबले की पूर्ववत होते. एक्स-ऑर म्हणजे एवढेच. ठिपके एकदा उलटले की खूण दिसते, दुसऱ्यांदा उलटले की चित्र परत येते. पेटंटचे शीर्षक मात्र स्मृतिकोशात साठवलेले प्रतिमाघटक गतिमान रीतीने पाहण्याच्या पद्धतीविषयी बोलते. या पेटंटच्या बळावर कॅडट्रॅक कंपनीने इतरांकडून परवानाशुल्क घेतले.

दुसरे उदाहरण अ‍ॅमेझॉनच्या ‘वन-क्लिक’चे. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच नोंदवलेला असेल, तर एका टिचकीत खरेदी पूर्ण व्हावी, ही त्यातली कल्पना. वाण्याच्या दुकानात खातेवहीवर माल नेणाऱ्याला यात नवे काय ते कळणार नाही. पण १९९९ साली पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात बार्न्स अँड नोबलवर मनाई हुकूम बजावला गेला. ग्राहकाला एक जादा टिचकी मारायला लावणे त्यांना भाग पडले. वरिष्ठ न्यायालयाने २००१ साली हुकूम उठवला, तोवर दोन नाताळ उलटून गेले होते.

परीक्षकांना हे कळत नाही काय? अडचण पुराव्याची आहे. परीक्षक विचारतो, ‘हे आधी कुठे लिहिले आहे?’ आणि जे सर्वांनाच येते, त्यावर कोणी निबंध लिहीत नाही. युक्ती जितकी क्षुल्लक, तितकी तिची नोंद विरळ. आपल्याला हा अनुभव हळदीने दिला. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. आजीचा हात पुरावा ठरत नाही. छापील पान ठरते. हळदीमागे एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. एकट्या प्रोग्रामरमागे कोण उभे राहणार? खटल्याच्या खर्चापेक्षा शुल्क भरणे त्याला स्वस्त पडते, आणि क्षुल्लक पेटंटची खरी ताकद तीच आहे.

‘नंतर सगळेच सोपे वाटते’ हा आक्षेप रास्त आहे. पण पेटंट हा सौदा आहे : संशोधकाने गुपित उघड करायचे, समाजाने सुमारे वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची. तीच अडचण समोर आलेला सामान्य प्रोग्रामर पेटंट न वाचताच त्याच उत्तराशी पोचत असेल, तर समाजाला मिळाले काय? डोनाल्ड नुथ यांनी पेटंट आयुक्तांना लिहिलेल्या पत्रात अल्गोरिदमची तुलना लेखकाच्या शब्दांशी केली होती. ती साहित्यिकांना तरी पटावी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ‘अ‍ॅलिस’ खटल्यात सांगितले की, अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून पेटंटयोग्य होत नाही. आपल्या कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक-प्रोग्राम यांना पेटंट नाकारते. २००४च्या अध्यादेशाने ही मर्यादा सैल केली होती. संसदेने २००५ साली तो बदल स्वीकारला नाही. तरीही ‘निव्वळ’ म्हणजे किती, यावरचा वाद संपलेला नाही. त्या एका शब्दाचा अर्थ फक्त वकिलांनी लावू नये. आणि प्रोग्रामरांनी आपल्या साध्यासुध्या युक्त्या तारखेसह लिहून, छापून ठेवाव्यात. परीक्षक शेवटी कागदच मागणार आहे.