एबोशीची बाग

'प्रिन्सेस मोनोनोके' पहिल्यांदा पाहिला तेव्हा वहीत मी नोंद केली होती : 'जंगल विरुद्ध कारखाना. एबोशी खलनायिका.' परवा वही समोर ठेवून तो पुन्हा पाहिला आणि ती ओळ खोडली. जपानी मला येत नाही; लिहितो आहे ते उपशीर्षकांच्या आधाराने.

हायाओ मियाझाकी यांचा हा चित्रपट जुलै १९९७मध्ये जपानात प्रदर्शित झाला. कथेचा काळ मुरोमाची. जंगल तोडून लोहवाळूतून लोखंड गाळणाऱ्या वस्तीची प्रमुख एबोशी. कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बायका तिथे भाता तुडवतात. प्रत्यक्षात भट्टीची देवता कानायागो हिला बायका चालत नाहीत, अशी समजूत होती आणि त्यांना तिथे मज्जाव असे. हा उलटफेर अजाणता झाला असेल, असं मला वाटत नाही.

पण ओळ खोडायला लावली ती पुढच्या प्रसंगाने. एबोशी आशिताकाला आपली बाग दाखवायला नेते. तिथल्या घरात अंगभर पट्ट्या गुंडाळलेले रोगी बंदुका घडवताहेत. रानडुकराला पिसाळवणारी आणि त्याच्यामार्फत आशिताकाच्या हातावर शाप उमटवणारी गोळी याच वस्तीतली. त्याचा उजवा हात आपणहून तलवारीकडे जातो. डाव्या हाताने तो धरून ठेवावा लागतो. तेव्हा अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा एबोशीच्या जिवासाठी विनवणी करतो. आम्हाला माणूस समजली ती हीच. आमचं सडलेलं अंग हिने धुतलं.

कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा जपानने रद्द केला १९९६मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या जेमतेम वर्षभर आधी. जुळवाजुळव अडली असताना आपण टोकियोतल्या तामा झेन्शोएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जात होतो, हे मियाझाकींनी पुढे जाहीरपणे सांगितलं. हे कळल्यावर आशिताकाही मला वेगळा दिसू लागला. कातडीवर डाग उमटला म्हणून शेंडी कापून गाव सोडावं लागलेला तोही एक रोगीच. म्हणूनच तो म्हातारा त्याच्याशी आपल्यातला समजून बोलतो.

म्हणजे जंगलाचा गळा घोटणारा हात आणि टाकलेल्या माणसांच्या जखमा धुणारा हात एकच. एबोशीला शिक्षा व्हावी असं वाटणाऱ्या प्रेक्षकाने त्या घरातल्या माणसांचं पुढे काय, याचं उत्तर द्यायला हवं. मी ते तेव्हा दिलं नव्हतं. प्रश्नच दिसला नव्हता.

एक तक्रार मात्र आता नव्याने उरते. तो म्हातारा स्वतःच्या यातना सांगतो, पण रदबदली करतो ती एबोशीसाठी. या माणसांची गावं कोणती, त्यांना हाकललं कुणी, हे चित्रपट विचारत नाही.