व्यावसायिक कबड्डीचा प्रेक्षक : कोलशेतच्या संदर्भात

क्रीडासमीक्षा बहुधा खेळाडूंपुरती मर्यादित राहते. प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा विचार तीत अभावानेच होतो. मातीच्या मैदानावर प्रेक्षक रेषेलगत बसून चढाईपटूचा दम ऐकत असे. दम तुटताच पंचांच्या शिट्टीआधी गलका उठे. त्या गलक्यात आनंदाइतकाच जाणकाराचा निवाडाही असे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हा खेळ मॅटवरून दूरचित्रवाणीद्वारे घरोघरी नेला. ३० सेकंदांची चढाई घड्याळावर मोजली जाऊ लागली. दम नियमात टिकला. मात्र समालोचन आणि संगीताच्या गजरात तो ऐकू येईनासा झाला. परिणामी प्रेक्षकाचे लक्ष कानाकडून डोळ्याकडे वळले.

तथापि, यामुळे निष्ठा उथळ झाली असे म्हणणे एकांगी ठरेल. वरळी येथील अंतिम सामन्यात यू मुंबा संघ २०१४ मध्ये २४-३५ असा पराभूत झाला व २०१५ मध्ये तेथेच ३६-३० असा विजयी झाला. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. तरीही मुंबईकर प्रेक्षकाने त्याला आपला मानले. गावाशी बांधलेली निष्ठा अशा रीतीने शहरापर्यंत विस्तारली.

ठाण्यातील कोलशेत येथे जुने गाव आणि नवी गृहसंकुले शेजारी नांदतात. तेथे या विस्ताराचे मोल अधिक आहे, कारण बाहेरून आलेल्या रहिवाशालाही संघ आपला म्हणता येतो. परंतु निवाडा करणारा प्रेक्षक घडण्यासाठी दम ऐकू येईल इतके जवळचे मैदान आवश्यक आहे. वाढत्या वस्तीत ते राखले गेले नाही, तर टाळ्या उरतील आणि जाण हरपेल.