बहुमत म्हणजे नक्की किती?

२०१७च्या लातूर महापालिकेत निवडून आलेले सदस्य ७०. बहुमत किती? तुम्ही पटकन ३६ म्हणाल. मीही आराखड्यात तेच लिहिलं होतं! पण १९४९च्या अधिनियमानुसार ठराव होतो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने, आणि गणपूर्ती एकतृतीयांशाची. म्हणजे २४-२५ जण आले तरी १३ मतांत काम फत्ते. (स्वीकृत सदस्य चर्चेत बोलतात, मत देत नाहीत.) मला हा नियम ढिला वाटतो, कारण घरी बसलेला नगरसेवकही निकाल ठरवतो आणि त्याचं मत कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ दिसलं की आधी हजेरी मागा. २०२२मध्ये मुदत संपल्यावरचे नांदेड-लातूरचे प्रशासकीय ठराव वेगळे ठेवा; तेव्हा सभागृहच नव्हतं.