ईयोबाचे मित्र आणि आपण

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिणेकडील तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतो. कापूस हे येथील मुख्य पीक आणि कोलाम बांधवांचे पोड ही येथील जुनी वस्ती. या तालुक्यातील एका गावी वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले असता आम्ही ईश्वरविषयक भागावर बोलत होतो. वाचन संपल्यावर मागच्या ओळीतील एका वयस्क बाईने हातातली लहानशी पुस्तिका पुढे केली आणि विचारले, “गुरुजी, हा पुस्तकवाला म्हणते देव मायाळू हाय. मंग माह्या पोराले काऊन नेलं?” बाईंचा मुलगा २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन गेला होता. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा रीतीने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे वाचकांस ठाऊक आहेच.

आम्ही काही बोलण्यापूर्वीच आपल्याच वर्गातील एक उपासक सांत्वनाच्या सुरात म्हणाले, “माय, ज्याचं त्याचं मागल्या जन्मीचं कर्म.” बाई खाली बसल्या. ईश्वराचे खंडन करण्यासाठी जमलेल्या त्या सभेत ईश्वराच्या जागी दुसरे काय येऊन बसले होते, हे आम्हांस त्या क्षणी दिसले. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. परंतु आधी त्या पुस्तिकेस न्याय दिला पाहिजे.

पुस्तिका कोणा ख्रिस्ती प्रचारकाने वाटलेली होती. तीत बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाची कथा चार पानांत सांगितली होती. ऊस देशीचा धनवान, सदाचारी ईयोब. त्याची गुरेढोरे लुटली गेली, सात मुलगे व तीन मुली वादळात घर कोसळून मेल्या, अंगभर फोड आले. तरी त्याने देवाला दूषण दिले नाही, म्हणून देवाने त्याला सर्व दुपटीने परत दिले. पुस्तिकेचे तात्पर्य एवढेच, की सहन करा, मिळेल.

मूळ ग्रंथ मात्र असा नाही, आणि हे सांगण्यास ख्रिस्ती माणूसच हवा असे नाही. ईयोबाच्या पुस्तकाचे अध्याय ४२. त्यांपैकी पहिले दोन आणि शेवटच्या अध्यायातील काही ओळी एवढाच भाग गद्य कथेचा आहे. मधले सारे काव्य आहे, आणि त्या काव्यातला ईयोब मुळीच सोशिक नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मी काय केले ते दाखवा, अशी मागणी तो करतो. ईश्वराला न्यायासनासमोर ओढावे, पण दोघांमध्ये पंच कोण, असा प्रश्न तो टाकतो. जगातल्या धर्मग्रंथांत ईश्वरावर इतक्या उघडपणे फिर्याद गुदरणारा आणि तरीही पवित्र मानला गेलेला ग्रंथ विरळा. पुस्तिकाकाराने चार पाने ठेवली आणि सारी फिर्याद गाळली. ज्या बाईला ती फिर्याद हवी होती, तिच्यापासूनच ती लपविली गेली. आमचा या पुस्तिकेवरील पहिला आक्षेप हा आहे. ती ख्रिस्ती आहे हा नव्हे.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या प्रश्नाची मीमांसा जुनी आहे. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो परम दयाळू आहे आणि तरी जगात दुःख व दुष्टता आहे, ही तीन विधाने एकत्र कशी नांदावीत, हा तो पेच. संत ऑगस्टीन म्हणतो, दुष्टतेला स्वतःचे अस्तित्व नाही, ती चांगल्याचा अभाव आहे आणि मनुष्याने इच्छास्वातंत्र्याचा दुरुपयोग केल्याने ती आली. लायब्निझने १७१० साली या विषयावर ग्रंथच लिहिला आणि शक्य असलेल्या जगांत हेच सर्वोत्तम ठरविले. पुढे १७५५ च्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, तेव्हा चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली माणसेच छताखाली गाडली गेली. अलीकडे जॉन हिक यांनी १९६६ मध्ये, प्राचीन आचार्य आयरेनिअस यांचा आधार घेऊन, हे जग म्हणजे आत्मा घडविण्याची शाळा होय असे प्रतिपादन केले.

या युक्तिवादांची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. इच्छास्वातंत्र्याने सावकाराचा लोभ समजतो, बोंडअळी समजत नाही. आत्मा घडविण्याची शाळा म्हणावी, तर झरीच्या त्या शेतात घडला कोण? मुलगा तर मेला. आईला घडविण्यासाठी मुलगा मारला असे म्हणणे म्हणजे एका जिवाला दुसऱ्याचे साधन करणे होय. आपल्या महाबोधि जातकात बोधिसत्त्व हेच विचारतो: सर्वांचे जगणे-मरणे, भले-बुरे जर ईश्वरच ठरवीत असेल, तर माणूस केवळ हुकमाचा ताबेदार ठरतो आणि पापाचा लेप ईश्वरालाच लागतो. भूरिदत्त जातकातही ब्रह्मा सर्वांचा स्वामी असेल तर तो हे जग नीट का करीत नाही, असा रोकडा सवाल आहे. तर्काच्या आखाड्यात आपली बाजू बळकट आहे, आणि कदाचित म्हणूनच आपण तेवढ्यावर समाधान मानून घरी जातो.

ईयोबाच्या ग्रंथाकडे पुन्हा वळू. ईयोबाचे तीन मित्र अलीफज, बिल्दद व सोफर त्याच्या समाचारास येतात. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. आमच्या मते तेवढे सात दिवसच ते त्याचे मित्र होते. मग ते बोलू लागतात आणि तिघांचे म्हणणे फिरून फिरून एकच: निर्दोष माणूस कधी नाश पावला आहे काय? तुझ्या हातून काही घडले असलेच पाहिजे. तुझ्या मुलांनी पाप केले असेल. अखेरीस ईश्वर वावटळीतून बोलतो, तेव्हा ईयोबाच्या ‘का’ला तो उत्तर देतच नाही, समुद्र, हिमवृष्टी, रानगाढव, मगरीसारखा प्राणी अशी सृष्टीची आडदांड दृश्ये तेवढी दाखवितो. वाचकाचे समाधान होत नाही, आमचेही झाले नाही. पण त्यानंतर तो मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. फिर्यादी बरोबर ठरला आणि देवाची वकिली करणारे चूक ठरले. दुःखिताला त्याच्या दुःखाचे कारण म्हणून त्याचेच पाप दाखविणे, हा या ग्रंथाच्या दृष्टीने खरा अपराध आहे.

येशूच्या तोंडीही हा निर्णय दोनदा आला आहे. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे लूकच्या शुभवर्तमानात तो सांगतो. जन्मांधाविषयी शिष्य विचारतात, पाप याने केले की याच्या आईबापांनी? तो म्हणतो, दोघांनीही नाही. पहिल्या ठिकाणी लगेच पश्चात्तापाचा धाक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी देवाचे कार्य प्रकट व्हावे हे कारण जोडले आहे. ते आम्हांस पटत नाही. परंतु दोषाचे बोट दुःखितावरून काढून घेतले गेले, एवढे मान्य केलेच पाहिजे.

आमचा ईयोबाच्या ग्रंथावरील मोठा आक्षेप त्याच्या शेवटावर आहे. मेंढरे सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले आणि पुन्हा सात मुलगे व तीन मुली झाल्या. या नव्या मुलींची नावे ग्रंथकार प्रेमाने देतो, बापाने त्यांना भावांबरोबर वारसा दिला असेही नोंदवितो. मेलेल्या मुलांची नावे मात्र कोठेच नाहीत. मेंढरू मोजून परत देता येते; मूल कसे येईल? किसा गोतमी मेलेले बाळ घेऊन तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला दुसरे बाळ देऊ केले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आण म्हणाले, आणि ती घरोघर गेली. तिचे दुःख नाहीसे झाले नाही, पण ते तिचे एकटीचे राहिले नाही.

आणि चाकर? लुटारूंनी गुरे नेली तेव्हा ईयोबाचे चाकर तलवारीने कापले गेले, आकाशातून अग्नी पडला तेव्हा मेंढरांबरोबर चाकरही जळाले. प्रत्येक वेळी एक जण वाचतो, तोही धन्याला वर्दी देण्यापुरता. शेवटी जनावरांची दुप्पट भरपाई होते. चाकरांचा उल्लेखही नाही. एकतिसाव्या अध्यायात ईयोब म्हणतो खरा, की मला गर्भात घडविले त्यानेच माझ्या दासालाही घडविले. ती उदात्त जागा आहे. पण ज्यांचे वाडवडील गावगाड्याबाहेर राहिले, त्या आम्हा वाचकांची नजर त्या मेलेल्या चाकरांवरून हलत नाही. झरीच्या शेतात पाठीवर पंप घेऊन उतरलेला माणूसही दुसऱ्याच्या पिकासाठीच उतरला होता.

मराठी भाषेत हा प्रश्न ज्या व्यक्तीने जगून पाहिला, ती पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण ही तिन्ही माणसे उपासमारीने गेली. जवळ होते ते सारे कुटुंबाने देवांच्या सेवेत व दानधर्मात घातले होते. वडिलांनी जलसमाधीचाही विचार केला होता. देव आले नाहीत. या अनुभवाने रमाबाईंची त्या देवांवरील श्रद्धा ढासळली, आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे चिकित्सक वाचक विचारील की एका देवाने दुष्काळात अन्न दिले नाही म्हणून त्याला सोडले, तर दुसऱ्या देवाने तरी कोठे दिले होते? प्रश्न रास्त आहे. आमच्या वाचनात रमाबाईंनी त्याला तर्काने उत्तर दिलेले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील उपाशी मुली व स्त्रिया शेकड्यांनी आपल्याबरोबर आणल्या. त्यांतून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. अन्नाबरोबर धर्मही दिला गेला हा त्यांच्यावरील आरोप तेव्हाही होता, आणि तो पोकळ नाही. तरी, ज्या मुलीला दुष्काळाने मारले त्या मुलीचे पूर्वजन्मीचे पाप शोधण्यात रमाबाईंनी वेळ घालविला नाही. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्याही गेल्या. ‘का’ तसाच राहिला.

आता आपल्या घरात पाहू. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मते त्याज्य ठरविली आहेत. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे ईश्वरनिर्मित आहे, हे त्यांतील एक. सारे अहेतुक आहे, हे दुसरे. आणि सारे पूर्वकर्मामुळेच आहे, हे तिसरे. सुत्तात तर ते सर्वांत आधी येते. आपल्या व्याख्यानांतून ईश्वरनिर्माणवादाचे खंडन आपण आवेशाने सांगतो आणि त्याच सुत्तातील पूर्वकर्मवादाचे खंडन सोयीने विसरतो. संयुत्त निकायात मोळियसीवक परिव्राजकाने हाच प्रश्न केला, तेव्हा तथागतांनी वेदनेची कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूचा बदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि आठवे कर्मविपाक. आठांतले एक! सारे पूर्वकर्माने होते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकसंमत सत्याच्या पलीकडे धावतात, असे ते स्पष्ट म्हणतात. परमपूज्य बाबासाहेबांनी याचा सामाजिक अर्थ उघड केला: गरिबाचे दैन्य त्याच्या पूर्वकर्मावर घातले की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात. हा ग्रंथ ज्या वर्गात रोज वाचला जात होता, त्याच वर्गात ते वाक्य बोलले गेले.

याच तालुक्यातील कोलाम मुलींना बाहेरून आलेल्या कंत्राटदारांनी, व्यापाऱ्यांनी फसविले, मुले पदरात टाकून ते निघून गेले. कुमारी मातांचा हा प्रश्न वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातून गाजला. त्यांनाही ‘नशीब’ हाच शब्द ऐकविला जातो. देवाची इच्छा, नशीब, मागल्या जन्मीचे कर्म, हे तीन शब्द तीन धर्मांचे भासतात. कंत्राटदाराला मात्र तिन्ही सारखेच उपयोगी पडतात. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. आपला पुनर्जन्मावर विश्वास नाही, लढायचे ते याच जन्मात, अशा आशयाचे त्या बोलल्या. धम्माचा उल्लेख न करता त्यांनी जे सांगितले, ते आमच्या उपासक बांधवाच्या सांत्वनापेक्षा सीवक सुत्ताच्या अधिक जवळ होते.

ख्रिस्ती विचाराचा एक भाग आम्ही येथवर बाजूला ठेवला, तो म्हणजे क्रूस. जर्मन धर्मशास्त्रज्ञ मोल्टमन यांनी १९७२ मध्ये मांडले, की ईश्वर दुःखाचे समर्थन करीत नाही, तो स्वतः ते भोगतो. सृष्टीकर्त्याला आरोपमुक्त करण्यास हे पुरेसे नाही, असे आमचे मत कायम आहे. मात्र दुःखिताजवळ बसण्याची ही रीत आहे, आणि अलीफजच्या रीतीहून ती फार वेगळी आहे. प्रचारकाने बाईंना तेवढे तरी सांगायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या वर्गात मूळ ग्रंथाचे वाचन थांबवून सीवक सुत्त घेतले. ते उपासक आले होते; आठ कारणे त्यांनीच फळ्यावर लिहिली. विषम वागणूक आणि बाहेरचा आघात या शब्दांचा अर्थ सांगत असता बाई मध्येच म्हणाल्या, “डब्यावरचं अक्षर लय बारीक होतं, कोनाले वाचता नाही आलं. दोन औषधं एकातच कालवा म्हनून दुकानातून सांगितलं. तोंडाले बांधाले फडकंबी नव्हतं.” उपासकांनी फळ्यावर आणखी थोडी जागा केली आणि ती तिन्ही वाक्ये बाईंच्याच शब्दांत खाली लिहून घेतली.