सामायिक माहितीसाठे आणि मत्स्यसंशोधन : भोर-वेल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

सागरी परिसंस्था व मत्स्यव्यवसाय यांच्या अभ्यासात गेल्या काही दशकांत मूलभूत बदल झाला आहे. एकेका प्रयोगशाळेच्या कपाटात राहणाऱ्या नोंदी सामायिक माहितीसाठ्यांत जमा होऊ लागल्या आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांचे एकत्रित विश्लेषण शक्य झाले. या बदलाचे स्वागत पुष्कळ झाले. चिकित्सा मात्र त्या मानाने कमी झाली. 'माहिती सर्वांसाठी खुली आहे' या विधानाचा भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने काय अर्थ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामायिकतेचे सामर्थ्य व मर्यादा

इ. स. २००६ मध्ये बोरिस वर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की तत्कालीन कल तसाच राहिल्यास २०४८ पर्यंत जगातील सर्व व्यावसायिक मत्स्यसाठे कोसळतील. रे हिलबॉर्न यांनी या निष्कर्षावर कठोर टीका केली. पुढे या दोन्ही अभ्यासकांनी आपापली माहिती एकत्र आणली आणि २००९ मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. मूल्यमापन झालेल्या साठ्यांपैकी ६३ टक्के साठ्यांना पुनरुज्जीवनाची गरज आहे. तथापि चांगला अभ्यास झालेल्या दहापैकी पाच परिसंस्थांत मासेमारीचा ताण घटला आहे, असे त्यांना आढळले. वादाची जागा पडताळणीने घेतली, हे सामायिकतेचे यश होय. परंतु 'मूल्यमापन झालेले साठे' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांचेच मूल्यमापन झाले. ज्यांच्या नोंदी नव्हत्या ते या हिशेबातून वगळले गेले.

पुण्याचा सहभाग

या चळवळीशी पुणे जिल्ह्याचा संबंध जवळचा आहे. २००० ते २०१० या काळात राबविल्या गेलेल्या सागरी जीवगणनेतून 'ओबिस' हा जागतिक माहितीसाठा विकसित झाला. त्याचे भारतीय महासागरासाठीचे केंद्र प्रथम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. पुढे ते कोचीच्या सागरी सजीव संसाधन व परिस्थितिकी केंद्राकडे गेले. समुद्रकिनारा नसलेल्या जिल्ह्यातून समुद्राच्या नोंदी सांभाळता आल्या, यावरून या कामास बंदर लागत नाही, शिस्त लागते, हे स्पष्ट होते. 'फिशबेस'सारख्या साठ्यात तर समुद्रातील व नद्यांतील मासे एकत्रच नोंदविले जातात. म्हणून ही चर्चा नदीकाठच्या महाविद्यालयांनाही तितकीच लागू पडते.

भोर-वेल्ह्याचा दाखला

भोर तालुक्याचा पश्चिम कडा हा जलविभाजक आहे. वरंध घाटाच्या पश्चिमेचे पाणी सावित्रीतून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. पूर्वेचे पाणी नीरा, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरास जाते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव या धरणांनी येथील प्रवाहांचे स्वरूप पालटले आहे. धरणांपूर्वी या प्रवाहांत कोणते मासे होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ कुतूहलाचा उरत नाही.

या प्रश्नास उपयोगी पडणाऱ्या जुन्या नोंदी विखुरलेल्या आहेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी स्थानिक नावांनाच शास्त्रीय नावांत स्थान दिले. मिस्टस सींगटी या नावात आपली शिंगटी आहे, गारा मल्या या नावात मळ्या आहे. पुढे फ्रेझर (१९४२) व सूटर (१९४४) यांनी पुणे परिसरातील माशांच्या याद्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात दिल्या. अशा जुन्या याद्या होत्या म्हणूनच २००३ मध्ये 'करंट सायन्स'मधील निबंधात पुणे जिल्ह्यातील मत्स्यप्रजातींतील दीर्घकालीन बदल तपासता आला.

चिकित्सा

येथे तीन आक्षेप नोंदवावेसे वाटतात. पहिला आक्षेप रिकाम्या जागेविषयी आहे. नकाशावर नोंद नाही म्हणजे मासा नाही, असे संगणक म्हणत नाही. परंतु घाईने प्रकल्प-अहवाल तयार करणारा तसे समजू शकतो. ज्या ओढ्यावर कोणी जाळे टाकले नाही, तो ओढा कागदावर निर्जीव ठरतो आणि त्याच्या रक्षणाचा दावाच उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप स्थलनामांचा. 'पूना' एवढीच नोंद असलेला नमुना कोणत्या डोहातला, हे कोणत्याही आज्ञावलीस सांगता येत नाही. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. उद्याच्या अभ्यासकाने दोन नावांना दोन प्रदेश समजू नये, यासाठी अक्षांश-रेखांश व जुने नाव दोन्ही नोंदविणे आवश्यक आहे.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. मासा ओळखणारा भोई किंवा कातकरी मच्छीमार नोंदीत क्वचितच दिसतो. साइक्स यांनी निदान त्याचा शब्द टिकविला. दुसरीकडे, प्राध्यापकाच्या पदोन्नतीसाठीच्या गुणांकनात शोधनिबंधास गुण आहेत. काळजीपूर्वक तयार करून खुल्या केलेल्या माहितीसंचास स्वतंत्र गुण नाहीत. मग प्रबंधातील तक्ते प्रबंधातच राहिले तर दोष केवळ व्यक्तीचा मानता येणार नाही.

दुर्मीळ माशांची अचूक ठिकाणे खुली केल्यास त्यांचा उपसा होईल, ही भीती रास्त आहे. तथापि अशा नोंदींत तालुक्यापुरतेच स्थान देऊन हा धोका कमी करता येतो. त्यासाठी संपूर्ण नोंद दडविण्याचे कारण नाही.

समारोप

'आर'सारखी संगणकप्रणाली विनामूल्य आहे, जागतिक माहितीसाठेही खुले आहेत. उणीव आहे ती आपल्या बाजूने जाणाऱ्या नोंदींची. महाविद्यालयांनी पदव्युत्तर प्रकल्पांतील नोंदी दिनांक, अक्षांश-रेखांश, मराठी नाव आणि माहिती देणाऱ्याच्या संमतीने त्याचा उल्लेख यांसह सामायिक साठ्यात जमा कराव्यात आणि विद्यापीठांनी त्या कामास शैक्षणिक श्रेय द्यावे. केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत राहणारा प्रदेश माहितीच्या नकाशावर रिकामाच राहतो, आणि रिकाम्या जागेविषयीचे निर्णय इतर लोक घेतात.