शोकधून : लय, पट्टी आणि तो घाईचा 'म्हणून'

पेट सुटली की पुढचा डोंगर म्हणजे सिनॉप्सिस. संगीत विषयाच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास भेटतं : 'लय विलंबित, स्वर कोमल, म्हणून भाव करुण.' आरआरसीसमोर बसल्यावर समितीतला एखादा सदस्य नेमका त्या 'म्हणून'वरच बोट ठेवतो. तेव्हा आज एक ध्वनिमुद्रण घेऊन हा 'म्हणून' तपासू.

ध्वनिमुद्रण आहे वेंडी कार्लोस यांचं. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७१ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटाचं शीर्षकसंगीत. मूळ धून हेन्री पर्सेलची. इंग्लंडची राणी दुसरी मेरी डिसेंबर १६९४ मध्ये वारली, ५ मार्च १६९५ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचा अंत्यविधी झाला, तेव्हाची ही शोकधून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्सेलही गेला. कार्लोस यांनी ती मूग सिंथेसायझरवर वाजवली.

आता ऐका. लय संथ. पट्टी सी मायनर, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी एकचा सा धरून गंधार कोमल. वरच्या सूत्रानुसार भाव करुण यायला हवा. पण ऐकताना येते ती धास्ती. काहीतरी वाईट घडणार आहे, असं वाटत राहतं. हीच धून पितळी वाद्यांवर ऐकली की प्रेतयात्रा डोळ्यांसमोर येते. धून तीच, लयही संथच, मग बदललं काय? वाद्याचा नाद बदलला. शिवाय कार्लोस यांनी 'डिएस इरे' या जुन्या चर्चगीताचे तुकडेही त्यात मिसळले आहेत. चित्रपटासाठी हे काम उत्तमच आहे. पण '१६९५ सालचा शोक असा होता' याचा पुरावा म्हणून तुम्ही ते वापरलंत, तर पुरावा कार्लोस यांचा आणि निष्कर्ष पर्सेलचा, असा घोळ होईल.

पितळी वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांतही सावध राहा. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत या धुनेआधी आणि मधे ढोलाचे जड ठोके येतात आणि खरं तर अंगावर काटा तेच आणतात. पण पर्सेलच्या स्वरलिपीत या धुनेला ढोलाचा भागच नाही! नंतरच्या संपादकांनी आणि वादकांनी तो घातला. मिरवणुकीत ढोल असतील, असा तर्क त्यामागे आहे आणि तो वाजवीही आहे. पण तर्क आणि लिखित पुरावा यांचे रकाने वेगळे ठेवायचे.

लयीचंही तसंच. मेट्रोनोमचं पेटंट १८१५ चं. त्याआधीच्या स्वरलिपीत 'मिनिटाला इतके ठोके' असा आकडा मिळणारच नाही. म्हणजे तुम्ही मोजता ती लय त्या ध्वनिमुद्रणाची, रचनाकाराची नव्हे. मोजा जरूर : वीस सेकंदांतले ठोके मोजून तिनाने गुणा, निदान तीन ध्वनिमुद्रणांवर. पण लिहिताना वादकाचं नाव आणि वर्ष आकड्याशेजारीच टाका.

पट्टीतही मेख आहे. आज बरोक संगीत वाजवणारे अनेक वाद्यवृंद 'ए' हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे साधारण अर्धा स्वर खाली. त्यामुळे कागदावर सी मायनर असलेली धून तुमच्या मोबाइलमधल्या तानपुऱ्याला पांढरी सातवर जुळेल. 'पट्टी चुकीची आहे' असं लगेच ठरवू नका.

आता सूत्राला खरा धक्का. हँडेलच्या 'सॉल' (१७३९) मधली शोकधून सी मेजरमध्ये आहे. सगळे शुद्ध स्वर! योहान मॅथेसॉनने १७१३ च्या ग्रंथात प्रत्येक पट्टीचा स्वभाव सांगितला होता, त्यात सी मेजर आनंदाच्या प्रसंगाला शोभते असं त्याचं मत. हँडेल या मॅथेसॉनचा तरुणपणीचा मित्र. तरी त्याने शोक त्याच पट्टीत बांधला आणि पुढे इंग्लंडमधल्या मोठमोठ्या अंत्ययात्रांत तीच धून वाजत राहिली.

लांब कशाला जाता? आपल्याकडे जवानाला मानवंदना देताना बिगुल वाजतो, तो आठवा. बिगुलाला कळा नसतात, फुंकरीतून निघतात ते सा, शुद्ध ग आणि प. कोमल गंधार त्यातून निघतच नाही. तरी गावच्या गाव रडतं. उलट, वय झालेलं माणूस गेलं, पिकलं पान गळालं, तर तिरडीपुढे हलगी वाजते आणि ती काही विलंबित नसते.

नांदेडकरांकडे तर याहून चांगला पुरावा आहे. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये नांदेडला देहावसान झालं, म्हणजे पर्सेलची धून आणि हँडेलची धून यांच्या मधल्या काळात. ज्या गुरू ग्रंथसाहिबाला त्यांनी गुरुपद दिलं, त्यात 'अलाहणियां' ही शोकगीतांच्या धर्तीवरची रचना वडहंस रागात येते. आणि लग्नातल्या गीतांच्या धर्तीवरच्या 'घोड़ियां' कुठल्या रागात? त्याही वडहंसातच. एकाच रागात वरात आणि अंत्ययात्रा दोन्ही! इथे 'राग म्हणून रस' हे सूत्र टिकत नाही. शब्द, प्रसंग, गाण्याची चाल, ऐकणाऱ्यांची सवय, हे सगळं हिशेबात घ्यावं लागतं.

म्हणजे लय आणि स्वर यांना अर्थच नाही का? तसं नाही. संथ लयीत शोक दाखवायला सोपं जातं, कोमल गंधार मदत करतो. पण मदत करणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. सिनॉप्सिसमध्ये 'म्हणून'च्या जागी असं लिहून बघा : 'अमुक वादकाच्या अमुक वर्षाच्या ध्वनिमुद्रणात संथ लय, कोमल गंधार आणि ढोल एकत्र येतात, यांपैकी एकेक घटक बदलला तर ऐकणाऱ्यांनी सांगितलेला भाव बदलतो का, हे तपासायचं आहे.' वाक्य लांबलं खरं, पण त्यात प्रश्न आला. आणि मुलाखतीत समितीने 'हे कशावरून?' विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे एक प्रयोग असेल.

लातूर असो की नांदेड, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून आधी एवढंच करा : आपल्या मसुद्यातले सगळे 'म्हणून' पेन्सिलने गोल करा. प्रत्येकापुढे लिहा, हे मी ऐकलं, वाचलं, की गृहीत धरलं. तिसऱ्या प्रकारातल्यांना आधी हात घाला.