न आलेले बिल

हेन्री डेव्हिड थोरो याच्या 'वॉल्डन' या ग्रंथाचे एक दुर्दैव असे की, तो न वाचताच पुष्कळांना आवडतो. तळ्याकाठची झोपडी, एकांत, साधी राहणी एवढे कानी आले की, कचेरीतून दमून आलेल्या माणसाला हा आपलाच ग्रंथ वाटू लागतो. दुर्गाबाई भागवतांनी तो 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणला, त्यामुळे मराठी वाचकालाही तो परका राहिलेला नाही. परंतु या ग्रंथाचे सर्वांत दीर्घ प्रकरण पहिले आहे आणि ते निसर्गाविषयी नसून पैशाविषयी आहे, याचे स्मरण थोडेच ठेवतात. आम्ही येथे त्याच प्रकरणाचा विचार करणार आहोत. निसर्गवर्णनाला दाद कोणीही देईल; हिशेबाची तपासणी मात्र आमच्या वाचकांच्या रोजच्या कामातली आहे.

थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावाजवळ तळ्याकाठी राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तेथून निघाला. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी झोपडी त्याने स्वतः बांधली. तिला खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात खिळ्यांची रक्कमही वेगळी दाखवली आहे. आठ महिन्यांच्या अन्नाला ८ डॉलर ७४ सेंट लागले, म्हणजे आठवड्याला सुमारे २७ सेंट. अडीच एकरांत घेवडा व इतर पिके लावून १४ डॉलर साडेबहात्तर सेंट खर्चले, २३ डॉलर ४४ सेंट मिळवले. अर्धा सेंटही न सोडणारा हा कवी पाहून प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की, हे आकडे दागिन्यासारखे मिरवलेले नाहीत. ते पुराव्यासाठी मांडलेले आहेत.

पुरावा कशाचा? वस्तूची खरी किंमत पैशात नसते, तिच्यासाठी आयुष्याचा जेवढा भाग द्यावा लागतो तेवढी ती असते, या सिद्धान्ताचा. तो समजावण्यासाठी थोरो फिचबर्गच्या प्रवासाचे उदाहरण घेतो. अंतर तीस मैल, आगगाडीचे भाडे नव्वद सेंट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. पायी निघालेला माणूस रात्रीपूर्वी पोहोचतो; गाडीने जाणारा आधी भाडे कमावण्यात दिवस घालवतो. तेव्हा वेगवान कोण? पाच वर्षांहून अधिक काळ केवळ हातांच्या श्रमावर जगून त्याने निष्कर्ष काढला की, वर्षातील सुमारे सहा आठवडे काम केले तर पोट भरते. उरलेले वर्ष आपले. आर्थिक स्वातंत्र्याची याहून नेमकी व्याख्या आमच्या वाचनात नाही: मिळकत किती, हे येथे गौण आहे, गरज किती थोडी, यावर सारे अवलंबून आहे.

येथवर आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. परंतु लेखापरीक्षक जसा बेरजेपूर्वी रकाने तपासतो, तसे पाहिले तर काही रकाने कोरे दिसतात. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची. तिचे भाडे खर्चात नाही. कुऱ्हाड उसनी आणलेली. परत करताना ती आणखी धारदार करून दिली, हे तो अभिमानाने सांगतो. घराचा सांगाडा उभा करताना ओळखीच्या मंडळींनी हात लावला. ही सारी माहिती त्यानेच दिली आहे, म्हणून लबाडीचा आरोप आम्ही करीत नाही. मात्र एक नोंद अशी आहे की, तिच्यापाशी आम्ही दर वेळी अडखळतो. खर्चाची यादी देताना तो म्हणतो की, कपड्यांची धुलाई आणि दुरुस्ती बहुतांशी बाहेर झाली, आणि तिचे बिल अद्याप आलेले नाही.

हे बिल पुढे ग्रंथात कोठेच येत नाही. कपडे कोणी धुतले, फाटलेले कोणी शिवले, हे तो सांगत नाही. त्याचे आईवडील आणि बहिणी कॉन्कॉर्डमध्येच राहत होते, आणि तेथे त्याचे जाणेयेणे होते. अर्धा सेंट मोजणाऱ्या लेखणीला हा श्रम मोजता आला नाही, कारण तो घरातल्यांनी केला असेल तर त्याला भाव नाही, असेच जग तेव्हा मानीत होते. आजही फारसे निराळे मानीत नाही.

हाच दोष जॉन फील्डच्या प्रसंगात उघडा पडतो. फील्ड हा गरीब आयरिश मजूर, बायको आणि पुष्कळ मुले असलेला, गळक्या झोपडीत राहणारा. पावसात आडोशाला आलेला थोरो त्याला उपदेश करतो: चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोडा, म्हणजे एवढे राबावे लागणार नाही. फील्ड सुस्कारा टाकतो. त्याची बायको कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहते. थोरोला त्या दोघांची गणिताची समज तोकडी वाटते. आम्हांला मात्र त्या बाईची दृष्टी थोरोपेक्षा स्वच्छ वाटते. लहान मुलांचे दूध कोणत्या रकान्यात घालावयाचे, हे अविवाहित पाहुण्याला ठाऊक नाही, एवढे तिला कळले आहे. शैलीच्या दृष्टीने हे ग्रंथातील सर्वांत जिवंत दृश्यांपैकी एक आहे, आणि विचाराच्या दृष्टीने सर्वांत दुबळे.

मग ग्रंथ निकालात काढावा काय? मुळीच नाही. तळे सोडल्यावरही थोरोने राहणी बदलली नाही, हे विसरून चालणार नाही. जमिनीची मोजणी आणि घरचा पेन्सिलींचा धंदा यांवर तो १८६२ मधील मृत्यूपर्यंत जगला. १८४९ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये प्रकाशकाने परत धाडल्या; छपाईचे पैसेही त्यालाच भरावे लागले. एवढ्या अपयशानंतर दुसरा लेखक लिहिणे थांबवता. गरजा थोड्या होत्या म्हणून थोरोला अपयश परवडले, आणि पुनःपुन्हा लिहून काढलेला 'वॉल्डन' १८५४ मध्ये प्रसिद्ध होऊ शकला. साध्या राहणीचा खरा नफा घेवड्याच्या शेतात दिसत नाही, येथे दिसतो.

आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांना हा ग्रंथ याच जागी भिडतो. टेबलावरचे तीन दगड रोज पुसावे लागतात हे कळताच थोरोने ते खिडकीबाहेर फेकले. आम्ही मात्र दर बदलीला सामान वाढवीत आलो. पहिल्या बदलीला दोन ट्रंका पुरल्या. मागील बदलीला एक ट्रक अपुरा पडला. महागाई भत्ता वाढला, वेतन आयोग आले, आणि प्रत्येक वाढीपूर्वीच तिच्या खर्चाची तजवीज होऊन बसली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नागरी सेवेत आलेल्या आमच्या धाकट्या सहकाऱ्यांना तर जुन्या पद्धतीच्या पेन्शनचाही आधार राहिला नाही. न पटणाऱ्या फायलीवर सही करताना हात अडावा, असे ज्याला वाटते, त्याच्या गरजा आधी आटोक्यात असाव्या लागतात. हे शहाणपण आम्ही थोरोकडून अवश्य घ्यावे.

मात्र वही लिहावयास घेताना ती एकट्याने लिहू नये. ट्रक कोणी भरला, नव्या गावी मुलांच्या शाळेसाठी कोण हिंडले, आणि आमच्या काटकसरीचा भार स्वयंपाकघरात कोणी वाहिला, हे विचारून मगच बेरीज करावी. थोरोच्या वहीत ते बिल आले नाही. आमच्या घरी ते मागून घेतले पाहिजे.